वारुळाखालचे शेत



श्रावण लागला की कोकणातल्या पुष्कळ घरांत एका पाहुणीची वाट पाहिली जाते. तिला आवतण लागत नाही, पेरणी लागत नाही, खतही लागत नाही. चार दिवस पावसाने झोडपून काढावे, मग जरा उघडीप पडून उकडू लागावे आणि भल्या सकाळी कुणीतरी बांधावरून हाक मारावी, "अळंबी फुटली!" मग हातातले काम टाकून सारे घर टोपल्या घेऊन धावते. त्या दिवशी घरात मटणाची आठवण कुणाला होत नाही.

ही पाहुणी यंदा नावड्याच्या एका घरी आली नाही. तिच्या जागी भलतेच काही उगवले आणि त्यावरून दोन भाऊबंदांत बोलणे बंद झाले. ते पाहायला मी गेलो होतो. तिथे जे पाहिले, आणि जे मला फार पूर्वीच कळायला हवे होते, ते तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख.

नावड्याला जायचे तर पनवेलहून दिव्याकडे जाणारी गाडी धरावी. कळंबोली गेले की नावडे रोड हे छोटेसे स्थानक येते. पावसाळ्यात तिथे उतरलात तर एकाच जागी दोन गावे भेटतात. एक गाव उंच इमारतींचे, रुंद रस्त्यांचे आणि तळोज्याच्या कारखान्यांच्या भोंग्यांवर चालणारे. दुसरे कौलारू घरांचे, देवळाचे, आणि अजून थोडीफार भाताची खाचरे राखून असलेले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल तालुक्यातल्या गावागावांत जमिनी जाऊ लागल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि नावडे कागदोपत्रीही शहर झाले. पण पावसाला कागद वाचता येत नाही. बांधावर तेरडा फुललेला असतो, बेडकांची शाळा भरलेली असते, आणि ढग जरा हटले की मलंगगडाचा सुळका पूर्वीसारखाच दिसतो.

दापोलीहून बी.एस्सी. (कृषी) होऊन मी नोकरीला लागलो, तेव्हा माझी पहिली काही वर्षे याच भागात गेली. सायकलवरून कळंबोली, नावडे, तळोजे अशी फेरी असे. त्या काळी ज्या घरी हक्काने भाकरी खाल्ली, त्या घरच्या काकींनी नातवाकडून फोन लावून घेतला होता.

"साहेब, वारुळावर काळ्या काड्या उगवल्यात. जळल्या उदबत्त्या खोचाव्या तशा. अळंबी एक नाय. नागपंचमीला मी लाह्या वाहून आले तेव्हा काय नव्हतं. घरची म्हणतात, चुलत दिरानं काय तरी करून ठेवलंय. तुम्ही एकदा बघून जा."

मी गेलो. काकी आता सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे दुखतात, तरी काठी टेकत पुढे चालल्या. मागे त्यांचा मुलगा. तो तळोज्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला जातो आणि उरलेली शेती रजेच्या दिवशी करतो. खाचराच्या कडेला कंबरभर उंचीचे वारूळ होते. त्याच्या अंगावर आणि पायथ्याशी खरोखरच शे-दीडशे काळ्या काड्या उभ्या होत्या. बोटभर लांब, खाली काळ्या, टोकाला पांढुरक्या. अंधारात पाहिल्या तर कुणाचेही काळीज चरकावे.

मुलगा म्हणाला, "साहेब, उद्या जेसीबी येणार आहे. वारूळच उचलून टाकतो. म्हणजे कटकट नको."

मी म्हटले, "उचल बाबा, तुझे वारूळ आहे. पण आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघू."

वाचकहो, त्या पोटात काय असते ते सांगण्याआधी बुरशीची थोडी ओळख करून घेऊ. आपण जिला अळंबी म्हणतो ते बुरशीचे नुसते फळ असते. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी बुरशीला अळंबी. खरी बुरशी पांढऱ्या दोऱ्यांच्या रूपाने मातीत, लाकडात, पाचोळ्यात पसरलेली असते. तिचे फळ कधी छत्रीसारखे येते, कधी चेंडूसारखे, कधी वाटीसारखे. पावसाळ्यात रानातल्या कुजक्या फांदीवर तांबड्या-नारिंगी इवल्या वाट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या वाटीबुरशीचे बीजाणू सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरलेले असतात, बहुधा एका पिशवीत आठ. वाटीच्या आतल्या बाजूला अशा लाखो पिशव्या दाटीने उभ्या असतात आणि पिकल्या की बीजाणू हवेत उडवतात.

या घराण्यातल्या काही वाट्या मात्र जमिनीखालीच जन्मतात. आधी त्या बंद गोळ्यासारख्या असतात. वाढता वाढता माती सारून वर येतात आणि मग तोंड उघडते, तेव्हा कडा चांदणीसारख्या फाटतात. पाहणाऱ्याला वाटते, मातीला भोक पडले. काही तर त्याही पुढे गेल्या. त्यांनी तोंड उघडणेच सोडून दिले. फ्रान्स-इटलीत सोन्याच्या भावाने विकला जाणारा ट्रफल हा याच कुळातला. तो जन्मभर मातीखाली राहतो, पिकला की वास सोडतो, त्या वासाने जनावर येऊन उकरते, खाते आणि त्याचे बीजाणू दूर नेते. तिकडे तो हुडकायला शिकवलेले कुत्रे आणि डुकरे वापरतात.

काकींच्या वारुळावरच्या काळ्या काड्या या वाटीबुरशीच्या भाऊबंद होत. शास्त्रीय नाव झायलेरिया. यांचेही बीजाणू पिशव्यांतच असतात. फक्त उघड्या वाटीऐवजी काडीच्या काळ्या सालीत बारीक सुरईसारखे खळगे असतात आणि त्यांत त्या पिशव्या दडलेल्या असतात. तेव्हा उदबत्ती नव्हे, करणी नव्हे. ही एक बुरशीच. पण ती त्याच वारुळावर आणि यंदाच का आली, याचे उत्तर कुदळीखाली होते.

मुलाने वारुळाची एक बाजू हलक्या हाताने फोडली. आत हात-दीड हात खाली नारळाएवढ्या पोकळ्या लागल्या. एकेका पोकळीत तपकिरी, स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. चालत्या वारुळात हा गोळा म्हणजे वाळवीचे शेत असते. ऐकून नवल वाटेल, पण आपल्याकडची वारूळ करणारी वाळवी लाकूड-पाचोळा नुसता खात नाही, ती त्याची शेती करते. कामकरी वाळव्या काड्या, पाने, वाळले गवत चावून खातात आणि आत येऊन विष्ठेच्या रूपाने त्याचे थर रचतात. त्यात बुरशीचे बीजाणू मिसळलेले असतात. काही दिवसांत त्या थरावर पांढरे दोरे पसरतात आणि खसखस-मोहरीएवढे पांढरे मणी धरतात. वाळव्या ते मणी खातात. बुरशीने मऊ केलेला जुना थरही नंतर खातात आणि वरून नवा थर चढवतात. लाकडातला जो भाग वाळवीला पचत नाही, तो बुरशी पचवून देते. त्याबदल्यात वाळवी तिला अंधार, ऊब, ओल आणि रोजचे खाद्य पुरवते. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने हा व्यवहार सुमारे तीन कोटी वर्षे चालू आहे. आपल्या माणसांच्या शेतीला अवघी दहा-बारा हजार वर्षे झाली.

या बुरशीचे नाव टर्मिटोमायसिस. रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली ते दिले. पावसाळ्यात ती त्या गोळ्यातून वर कोंब सोडते. कोंबाचे टोक कठीण आणि अणकुचीदार असते, मातीत फाळ घुसावा तसे ते खालून वर घुसते. बाहेर आले की छत्री उघडते. हीच आपली वारुळावरची अळंबी. म्हणून तर तिचा दांडा उपटताना संपत नाही. तो थेट खालच्या शेतापर्यंत गेलेला असतो. गोव्यात वारुळाला रोंयण म्हणतात आणि या अळंबीला रोंयण अळमी. आफ्रिकेत झांबियासारख्या देशांत याच जातभाईंतली एक अळंबी मीटरभर रुंद होते. आणि इतके सारे शास्त्र पुढे गेले तरी वाळवीवाचून ही अळंबी व्यापारी पद्धतीने पिकवणे माणसाला अजून साधलेले नाही. हे पीक घेणे फक्त वाळवीला येते.

काकींच्या वारुळातले गोळे मात्र ओले, काळपट आणि चिकट झाले होते. वाळवी एक नाही. झायलेरियाचे बी त्या गोळ्यात मुळापासूनच असते. वाळवीचा वावर आहे तोवर ते दबून राहते. आपण शेत निंदतो तोवर तण दबून असते, तसेच हे. निंदणारे हात गेले की तण माजते. वाळवी गेली की चार-सहा आठवड्यांत काळ्या काड्या वर येतात. काळी काडी म्हणजे वारूळ मेल्याची खूण. वारूळ काडीने मरत नाही, वारूळ मेले म्हणून काडी येते, एवढे ध्यानात ठेवावे.

"पण मग मारलं कुणी?" काकींनी विचारले.

मी चारी बाजूंना पाहिले. वारुळाच्या खालच्या अंगाला मे महिन्यात भराव टाकला होता. मुलाला तिथे गाळे काढायचे होते. भरावाने पूर्वीची पाण्याची वाट बुजली होती आणि वारुळाच्या बुडाशी गुडघाभर पाणी जूनपासून तुंबून होते. चुलत भावाच्या बांधावर असले काही नव्हते. मी बोट दाखवले आणि गप्प राहिलो. मुलगा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे आमच्याच हातानं झालं. आणि मी तीन आठवडे काकाशी बोललो नाय."

त्याला मी शब्दाने टाकून बोललो नाही, कारण तो हक्क मला नव्हता. १९९५ सालची गोष्ट. याच घरच्या वरकस जमिनीच्या बांधावर आणखी एक मोठे वारूळ होते. काकींचे यजमान तेव्हा हयात होते. नव्या आंब्याच्या कलमांवर वाळवीची माती चढली म्हणून त्यांनी मला विचारले. मी तरुण, पदवी ताजी, उत्साह दांडगा. पहारेने वारुळाला भोके पाडून आत बीएचसीची भुकटी ओतायला सांगितली, स्वतः उभा राहून ओतवून घेतली. वाळवी गेली. पुढच्या श्रावणात त्या बांधावर अळंबी आली नाही, त्यानंतरही कधी आली नाही. यजमान रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, रोग गेला खरा, पण बांधावरचा देव पण गेला." ती बीएचसी पुढे १९९७ पासून आपल्या देशात बंद झाली, कारण तिचा अंश मातीत, दुधात, माणसाच्या अंगात साठून राहतो. कलमे मात्र नुसती वाळवीची माती खरवडून, खोडाशी कच्चे शेणखत न घालता कुजलेले घालून आणि वेळेवर पाणी देऊनही बहुधा वाचली असती. वाळवी बहुतेक वेळा झाडाची मेलेली साल खात असते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे नाही, पण भुकटी सांगणे सोपे होते.

हे मी त्या दिवशी काकींपुढे कबूल केले. त्या म्हणाल्या, "मला आठवतंय. पण तुम्ही आमच्या बऱ्यासाठीच सांगितलं होतं." वाचकहो, बऱ्यासाठी सांगितलेल्या गोष्टींचा हिशेब कधी कधी तीस वर्षांनी द्यावा लागतो.

मेलेल्या वारुळात आणखी एक वस्तू मिळाली. तळाच्या पोकळीत लिंबाएवढी, बाहेरून काळी आणि कापल्यावर आत पांढरी अशी एक गाठ. झायलेरियाच्या एका जातीची ही शिदोरी, पुढच्या दिवसांसाठी जमिनीखाली साठवलेली. केरळात अशा गाठीला निलमांगा, म्हणजे भुईआंबा म्हणतात आणि तिकडच्या लोकांत ती औषधी मानली जाते. चीनमध्येही ती औषधात वापरतात. सहज सापडणारी चीज नव्हे. काकींनी ती पदराने पुसून पाहिली आणि परत मातीत ठेवली. "ज्याची आहे त्याला राहू दे," म्हणाल्या. मी कुणालाही सांगेन की अशी गाठ घरी आणून काढा करू नका. औषध ठरणे आणि माणसाने ऐकीव माहितीवर खाणे यांत मोठे अंतर आहे.

मग आम्ही चुलत दिरांच्या बांधावर गेलो. मुलगाच पुढे झाला आणि हाक मारली, "काका, आहेस काय?" म्हातारा बाहेर आला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ये. वरच्या बांधावर परवापास्नं फुटलीय. तुझ्या आईला नेऊन द्यायची म्हणत होतो, पण म्हटलं घेशील का नाय." वरच्या बांधाचे वारूळ जिवंत होते. भोवती पंचवीस-तीस छत्र्या, काही उघडलेल्या, काही मिटलेल्या.

इथे एक गोष्ट सांगतो, ती घरातल्या मुलांना जरूर सांगा. पहिल्या पावसानंतर दिव्यावर झेपावणारे पंखवाले किडे म्हणजे वाळवीचे नवे राजा-राणी. ते नवे घर मांडतात, पण आपल्याकडच्या बहुतेक जातींत ते बुरशीचे बी बरोबर नेत नाहीत. पिल्ले मोठी झाली की कामकरी वाळव्या बाहेरून, भोवतालच्या पाचोळ्यावर पडलेले बीजाणू आणतात. ते बीजाणू येतात उघडलेल्या अळंबीतून. सगळ्या कळ्याच खुडून नेल्या, तर भोवतालच्या नव्या वारुळांना बियाणे कुठून मिळायचे? म्हणून निम्म्या तरी छत्र्या उघडू द्याव्यात, त्यांच्या पाकळ्यांतून गुलाबीसर भुकटी गळून जाऊ द्यावी. उरलेल्या खुडताना मातीच्या वर कापाव्यात. दांड्यामागे पहार लावून खालचा गोळा उकरू नये. तो फुटला की पुढच्या वर्षीचे पीक गेले.

आता खाण्याविषयी. दरवर्षी अळंबीने कुठे ना कुठे विषबाधा होते. चांदीचे नाणे काळे पडते का, लसणीचा रंग बदलतो का, किड्याने खाल्ली आहे का, या साऱ्या परीक्षा खोट्या आहेत. विषारी अळंबीही त्यांत उत्तीर्ण होते. पावसाळ्यात गवतात, उकिरड्याजवळ मोठी पांढरी, अंगावर तपकिरी खवले असलेली एक छत्री येते. दांड्यावर कडे असते, बुडाशी लांब मूळ नसते आणि जून झाली की पाकळ्या हिरवट पडतात. ती खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. वारुळाच्या अळंबीला टोकदार माथा, खोल गेलेला दांडा आणि गुलाबीसर भुकटी असते. तरीही जाणत्या डोळ्याने ओळखल्याखेरीज कोणतीही अळंबी चुलीवर चढवू नये. खाऊन त्रास झालाच तर उरलेली अळंबी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

काकींनी भाजीसाठी टोपली भरली आणि मला जेवायला थांबवले. इथे मला दुसऱ्यांदा कटू बोलावे लागले. बुरशी मातीतले जडधातू शोषून साठवते. भात जेवढे घेते त्याहून अळंबी कितीतरी पटींनी घेऊ शकते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला निळे कुत्रे हिंडताना दिसले आणि पाण्यात रंग मिसळल्याची बातमी देशभर गाजली, हे नावडेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या खाचरात नाल्याचे पाणी चढते, तिथली अळंबी खाऊ नका, असे मी स्पष्ट सांगितले. वरचा बांध उंचावर आहे, तिथे फक्त आभाळाचे पाणी येते. तरी तिथली माती तपासून घेईपर्यंत रोज नको, लहान मुलांना तर नकोच. मातीचा नमुना मी पिशवीत भरून घेतला. आणि हौस भागवायला धिंगरी अळंबी घरी लावून द्यायचे कबूल केले. भाताचा स्वच्छ पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून पिशवीत थराथराने बियाणे घालून टांगला की तीन-चार आठवड्यांत काढणी येते. तिची चव वारुळाच्या अळंबीची नाही, हे काकींनी मला आधीच सांगून ठेवले आहे.

त्या दिवशी भाजी झाली. दोन्ही घरांनी एकाच ओसरीवर बसून खाल्ली. मीही वाढून घेतली, दोन घास. जास्त घेतली असती तर माझ्याच बोलण्याला अर्थ उरला नसता.

जेसीबी दुसऱ्या दिवशी आला. त्याने वारूळ उचलले नाही. भरावातून चर काढून पाण्याची जुनी वाट मोकळी केली आणि परत गेला. त्या मेलेल्या वारुळात वाळवी पुन्हा येईल की नाही, आली तर किती वर्षांनी, हे पाऊस ठरवील. पण वरच्या बांधाचे वारूळ दोन्ही घरांनी मिळून राखायचे ठरले आहे, विकायची वेळ आली तरी तेवढा कोपरा शेवटी विकायचा.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या बांधावर वारूळ असेल तर आधी बघा. घरात, गोठ्याच्या लाकडात, उसाच्या बेण्यात वाळवी शिरली असेल तर तिचा बंदोबस्त जरूर करा आणि औषध तिथेच, तेवढेच वापरा. पण बांधावरचे वारूळ काडी-कचरा जिरवून माती भुसभुशीत करीत असते आणि श्रावणात तुमच्या घरी पाहुणी धाडीत असते. आणि भगिनींनो, नागपंचमीला तुम्ही वारुळाला लाह्या वाहता, तेव्हा आत नाग असो वा नसो, एक शेतकरी कुटुंब नक्की असते. त्यांचे शेत आपल्या शेताखाली आहे. पुढच्या खेपेला काळ्या काड्या दिसल्या तर भाऊबंदाचे दार ठोठावण्याआधी पाणी कुठे तुंबले आहे, ते पाहा.